सज्ञान मुलाची कुलमुखत्यारी

आमच्या टेंभुर्णीत ज्यांचा शब्द पारावर जितका चालतो तितकाच पंचायतीच्या ओट्यावरही चालतो, ज्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आज तलाठी, ग्रामसेवक, कृषिसहायक म्हणून जाफराबाद तालुकाभर पसरली आहेत, आणि ज्यांच्याशी वाद घालण्याचा प्रसंग चाळीस वर्षांच्या स्नेहात माझ्यावर कधी आला नव्हता, अशा एका वयोवृद्ध गृहस्थांनी गेल्या चैत्रात माझ्या ओसरीवर बसून, चार माणसांदेखत, माझ्या चौतीस वर्षांच्या मुलाविषयी जे लांबलचक प्रवचन केले, त्याला त्या वेळी चहाच्या कपाकडे पाहत गप्प राहून मी जे उत्तर दिले ते उत्तर नव्हतेच, हे आता मला कबूल केले पाहिजे. गुरुजी (त्यांना सारे गाव गुरुजीच म्हणते, आणि मीही म्हणतो, जरी मी स्वतः बत्तीस वर्षे शिक्षकाचीच नोकरी केली) हे बोलले ते दुष्टाव्याने नव्हे. दुष्टाव्याला उत्तर देण्याची गरज नसते. मायेने सांगितलेल्या चुकीला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागते, कारण तिच्यावर लोकांचा विश्वास बसतो. ज्याच्याविषयी हा सारा वाद आहे त्या माझ्या मुलाने हा मजकूर वाचला असून, दोन ठिकाणी माझी भाषा 'फार पंतोजी' झाल्याची तक्रार नोंदवून, तो छापायला त्याने संमती दिली आहे.

आजाराचे नाव डॉक्टर 'बायपोलर' असे सांगतात. पुस्तकात 'द्विध्रुवी मनोविकार' असा शब्द सापडतो, जो ऐकून आमच्याकडचा माणूस भूगोलाच्या तासाला बसल्यासारखा चेहरा करतो. रोगाचे रूप मात्र समजायला अवघड नाही. काही आठवडे मन असे उधळते की झोप नकोशी होते, बोलणे आवरत नाही, पैसा पाण्यासारखा वाटतो, आणि आपल्या हातून काहीतरी अचाट घडणार अशी खात्री रोमारोमांत भिनते. मग ते सारे ओसरते आणि त्याच्या जागी अशी खिन्नता येते की हात उचलून डोळ्यांवरची माशी हाकलण्याचेही श्रम वाटतात. मधल्या काळात माणूस तुमच्याआमच्यासारखा असतो. माझ्या मुलाला पहिला उन्माद आला तो एकविसाव्या वर्षी. त्याने रात्री दोन वाजता शेजाऱ्यांना उठवून मोसंबीच्या शीतगृहाची योजना समजावून सांगितली, आणि ती इतकी मुद्देसूद होती की सकाळी शेजाऱ्यांनी मला भांडवल किती लागेल असे विचारले. तिसऱ्या दिवशी त्याने उधारीवर दोन मोटारसायकली उचलल्या, एक स्वतःसाठी आणि एक, त्याच्याच शब्दांत, 'येईल त्याच्यासाठी'. चार महिन्यांनी हाच मुलगा गोठ्यामागे गोणपाटावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. या गोष्टीला आता तेरा वर्षे झाली. त्यांपैकी गेली नऊ वर्षे तो लिथियम घेतो, शेडनेटमध्ये मिरचीच्या आणि टोमॅटोच्या बीजोत्पादनाचे काम पाहतो, आणि परागीकरणाच्या दिवसांत, ज्याला आमच्याकडे सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात, वीस बायांची हजेरी बिनचूक ठेवतो.

आता गुरुजींचा पूर्वपक्ष. तो मी त्यांच्या बाजूने जितका बळकट मांडता येईल तितका मांडतो, कारण प्रतिपक्षाला पेंढ्याचा पुतळा करून त्यावर काठी चालवणे हा शिमग्याचा खेळ झाला, वाद नव्हे. त्यांचे म्हणणे असे: ज्याचे मन त्याच्या ताब्यात नाही तो वयाने कितीही मोठा झाला तरी आईबापांच्या लेखी अज्ञानच, म्हणून त्याच्या गोळ्या आईबापांच्या कडीकुलपात असाव्यात आणि त्यांनी त्या मोजून द्याव्यात, त्याने नाकारल्या तर वरणात, ताकात, कशातही कालवून पोटात घालाव्यात, कारण लेकराच्या भल्यासाठी बोललेले खोटे हे खोटे नव्हे, या गोष्टीची बाहेर वाच्यता करू नये, योग्य स्थळ पाहून त्याचे दोनाचे चार करावेत, जबाबदारी अंगावर पडली की निम्मा आजार जातो, आणि रुग्णाच्या हक्कांचा जो नवा कायदा आला आहे तो ज्यांच्या घरात असा रुग्ण नाही अशा शहरी विद्वानांनी केलेला असल्यामुळे त्याचा बाऊ करू नये. 'बापाने हात सोडला की पोर विहिरीत,' हे त्यांचे शेवटचे वाक्य. ते ऐकून ओसरीवरच्या चारही माणसांनी माना हलवल्या, आणि खरे सांगतो, माझीही मान थोडीशी हलली.

ती हलली, कारण वरणाची गोष्ट गुरुजींनी मला शिकवण्याच्या कितीतरी आधी मी करून चुकलो होतो. दुसऱ्या उन्मादात त्याने गोळ्या घेणे सोडले, तेव्हा मी आणि त्याच्या आईने दुसरे एक औषध, थेंबांचे, ज्याला चव नसते, त्याच्या वरणात घालायला सुरुवात केली. तीन महिने हे चालले. एके रात्री पाटावर बसल्यावर त्याने आपले ताट माझ्याकडे सरकवले, माझे स्वतःकडे ओढले आणि म्हणाला, "बाबा, आज ताटं बदलू. मव्ह्या वरणात काय कालवता, ते तुम्हीबी चाखा." मी घास उचलला नाही. त्याची आई उठली, ताट उचलून मोरीत नेऊन पालथे केले, आणि परत येऊन बसली. कोणी काही बोलले नाही. त्यानंतर अकरा महिने त्याने घरात शिजलेले अन्न खाल्ले नाही. स्वतः भाकरी थापायचा, स्वतःच्या हाताने मिरची कुटायचा, आणि पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन झोपायचा.

या प्रसंगात जे घडले त्याचा अर्थ मला पुढे कळला, आणि तो गुरुजींनी शांतपणे ऐकावा. 'माझ्या जेवणात घरचे काहीतरी घालतात' हे वाक्य कोणताही मानसोपचारतज्ज्ञ रोगाचे लक्षण म्हणून टिपून घेतो. संशयविभ्रमाचे हे अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण. आमच्या घरात ते लक्षण नव्हते, साक्ष होती. ज्या मनाला खरे आणि भासमान यांतला फरक ओळखण्याची धडपड करावी लागते, त्या मनापुढे आम्ही जन्मदात्यांनी भास खरा करून ठेवला, आणि मग तो आमच्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून आम्हीच कपाळावर हात मारला. खोटे बोलून पोटात घातलेले औषध त्या दिवसापुरते काम करीत असेलही. पण दीर्घ आजारात औषधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लागते ते म्हणजे औषध देणाऱ्याच्या शब्दावरचा भरवसा, आणि तो एकदा मोरीत ओतला गेला की कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

शिवाय लिथियम हे चोरून देण्याजोगे औषधच नव्हे. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने १९४९ साली उन्मादावरचा त्याचा गुण जगापुढे मांडला. खनिजातून निघणारा हा साधा क्षार आजही या रोगावरचा एक खात्रीचा उपाय मानला जातो, आणि आत्मघाताकडे झुकणारे मन सावरण्यात त्याची बरोबरी करणारी औषधे फार नाहीत. पण गुण देणारी मात्रा आणि विष होणारी मात्रा यांच्यात अंतर थोडे. रक्तात एका लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असले तर औषध. दीडच्या वर गेले की हात थरथरणे, ओकाऱ्या, तोल जाणे, आणि त्याहीपुढे शुद्ध हरपणे. म्हणून ठरावीक मुदतीने रक्त तपासावे लागते, सोबत मूत्रपिंडे आणि थायरॉइडही पाहावी लागतात, आणि रक्त द्यायचे ते शेवटची गोळी घेतल्यापासून बारा तासांनी. प्रयोगशाळेतला मुलगा विचारतो, "शेवटची गोळी किती वाजता घेतली?" ज्याला आपण गोळी घेतो हेच ठाऊक नाही त्याने काय सांगावे? 'वरण किती वाजता खाल्ले' असे? आणि ज्या दिवशी तो अर्धीच वाटी वरण खाऊन उठेल त्या दिवशी मात्रा अर्धी, पाहुणा आला म्हणून दोन वाट्या खाईल त्या दिवशी दुप्पट, हा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

त्याहून निकडीची गोष्ट उन्हाळ्याची आहे, आणि ती आमच्या भागातल्या माणसाला सांगताना मला फार शब्द खर्चावे लागू नयेत. वैशाखात शेडनेटच्या आत जो उकाडा असतो तो ज्याने सोसला त्यालाच ठाऊक. घाम गेला, अंगातले पाणी आणि मीठ उणावले, की मूत्रपिंडे मीठ राखण्याच्या धडपडीत लिथियमही राखून धरतात, आणि रक्तातली मात्रा, एकही जादा गोळी न घेता, वर चढते. जुलाब झाले तरी तेच. आणि अंग दुखते म्हणून, कणकण आली म्हणून, गावोगावच्या दवाखान्यांत जे सुईचे औषध सर्रास टोचले जाते, ते डायक्लोफेनॅक किंवा त्याच जातीचे दुसरे वेदनाशामक, तेही लिथियम अंगात साचवते. आता सांगा, ज्याच्या गोळ्या बापाच्या कडीकुलपात आहेत आणि ज्याच्या आजाराची वाच्यता करायची नाही असे ठरले आहे, तो मुलगा दुपारी दोन वाजता शेडनेटमध्ये चक्कर येऊन बसला आणि मजुरांनी त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेले, तर तिथे कोण म्हणणार की याला ही सुई टोचू नका? बाप त्या वेळी बाजारात असेल, आई माहेरी असेल. एकटा तोच तिथे असेल, आणि त्याला काही माहीत नसेल. गुरुजींच्या वाक्यातली विहीर मला इथे दिसते.

माझ्या मुलाच्या खिशात एक चिठ्ठी असते. तीवर औषधाचे नाव, मात्रा, शेवटच्या तपासणीची तारीख आणि 'वेदनाशामक सुई देण्यापूर्वी विचारा' असे त्याच्याच अक्षरात लिहिलेले आहे. वीस बायांपैकी निदान पाच जणींना ती चिठ्ठी कोणत्या खिशात असते हे ठाऊक आहे. अब्रू गेली असे म्हणायचे तर ती गेली. पाण्याची बाटली मात्र त्याला आता त्या बायाच भरून देतात.

'तो अज्ञानच' या मुद्द्याकडे वळतो. मराठीत कायद्याच्या भाषेने वयाला दिलेले दोन शब्द, अज्ञान आणि सज्ञान, हे माणसाच्या शहाणपणाविषयी नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झाली की मूढही सज्ञान होतो, आणि निवडणुकीच्या दिवशी याचा प्रत्यय सर्वांनाच येतो. परंतु वेडाच्या बाबतीत आपल्या जुन्या राज्यकर्त्यांची बुद्धी गुरुजींसारखीच चालत असे. मुंबई इलाख्यात १९०५ सालच्या कायद्याने जे 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' होते, त्याच्या देखरेखीखाली अज्ञान वारसांच्या इस्टेटी जशा जात तशाच ज्यांची बुद्धी ठिकाणावर नाही असे ठरले त्यांच्याही जात. सरकार त्यांचा कारभार पाही, आणि मूळ मालकाचा त्याच्याच जमिनीवर हुकूम चालत नसे. १९१२ च्या कायद्याचे नावच 'लूनसी अॅक्ट'. तो जाऊन १९८७ चा आला, आणि तोही जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१८ मध्ये अमलात आला, ज्याने पहिल्यांदा उलट गृहीतक धरले: मनोविकार असला म्हणून माणूस निर्णयाला अपात्र ठरत नाही, अपात्रता त्या त्या वेळी, त्या त्या निर्णयापुरती तपासायची. हे गृहीतक मला विद्वत्तेचे वाटत नाही, अनुभवाचे वाटते. माझा मुलगा तेरा वर्षांपैकी सगळे मिळून दहाएक महिने आपल्या ताब्यात नव्हता. त्या दहा महिन्यांच्या बळावर उरलेल्या बारा वर्षांची मुखत्यारी मी बळकावली असती, तर दिवाणी कज्जात ज्याला आपण बेकायदा कब्जा म्हणतो त्याहून ते निराळे काय झाले असते?

चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत, आणि निदानस्थानात असा विलक्षण धीट विचार आहे की देव, गंधर्व, पिशाच माणसाला पछाडत नाहीत, त्याचे क्लेश त्याच्याच कर्मातून आणि प्रज्ञापराधातून येतात. आमच्या टापूत, जिथे डोके फिरलेल्या माणसाला आजही आधी सैलानीला नाहीतर जाळीच्या देवाला नेतात आणि डॉक्टरकडे मागाहून, तिथे हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहावे असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. भुताला निर्दोष सोडताना तिथे रोग्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. आणि भूत गेले तरी तो पिंजरा आपण मोडलेला नाही. 'त्याने मनावर घेतले तर होईल बरा', 'जबाबदारी पडली की सुधारेल' हे सारे त्या प्रज्ञापराधाचेच आजचे चलन. मीही मुलाला एका ठिकाणी नेले होते. तिथे काय झाले ते सांगून मला कोणाच्या श्रद्धेला दुखवायचे नाही, आणि त्याच्या पाठीवरचा वण त्याला स्वतःला दिसत नाही एवढेच समाधान.

शहरी विद्वानांच्या कायद्याचा आक्षेप मात्र असा एका वाक्यात झटकून टाकता येत नाही, कारण त्यात आमच्या भागाचे खरे दुःख आहे. हैदराबाद संस्थानाचे वेड्यांचे इस्पितळ निजामी अमदानीत या आमच्या जालन्यालाच होते. १९५३ साली ते हैदराबादेत एर्रागड्ड्याला गेले, आणि त्यानंतर मराठवाड्याच्या वाट्याला असे इस्पितळच राहिले नाही. राज्याची चार मनोरुग्णालये आहेत ती ठाण्याला, पुण्याला, नागपूरला आणि रत्नागिरीला. जालन्याला नवे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले आहे. मंजुरी आणि इमारत यांत आमच्याकडे किती पावसाळे जातात हे ज्यांनी तालुक्यातले रस्ते पाहिले त्यांना सांगायला नको. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत जी राष्ट्रीय पाहणी केली (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता) तिच्यात या आजाराच्या दर दहा रुग्णांपैकी सातांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. तेव्हा हक्काची भाषा बोलणाऱ्याने दवाखाना कुठे आहे हेही सांगावे, असे गुरुजी म्हणतात तेव्हा मी त्यांच्या बाजूला आहे.

पण त्यांनी कायदा वाचला असता तर तो बापाचे हात बांधत नाही हेही त्यांना दिसले असते. कोणीही सज्ञान माणूस शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो की माझा ताबा सुटला तर मला कसे वागवावे, काय करू नये, आणि माझ्या वतीने कोणी बोलावे. त्याने कोणाचेच नाव लिहिले नसेल तर नातलग आपोआप त्या जागी येतो. जिवाला धोका असेल तर त्या लेखावाचूनही बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका डॉक्टराने किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासून तशी गरज ठरवली तर, इस्पितळात दाखल करून तीस दिवसांपर्यंत ठेवता येते. म्हणजे मुखत्यारपत्र आहेच. फक्त ते बापाने स्वतःच्या नावे स्वतःच लिहून घ्यायचे नाही, मुलाने द्यायचे आहे, आणि ते ठरावीक प्रसंगापुरते आहे. जमिनीचा व्यवहार करताना ज्या गावाला हा फरक तोंडपाठ असतो, त्याच गावाला माणसाच्या बाबतीत तो इतका दुर्बोध का वाटावा?

आमच्या घरातला कागद कायद्याच्या छापील नमुन्यातला नव्हे. तो बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेल्या डायरीच्या पानावर आहे. तिसऱ्या आजारातून उठल्यावर एका दुपारी त्यानेच तो लिहायला काढला. लागोपाठ तीन रात्री माझी झोप चार तासांच्या खाली गेली तर बाबांनी गाडीची किल्ली आणि बँकेचे कार्ड मागावे, मी ते द्यावे. मी हसलो किंवा चिडलो तरी मागावे. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे जावे, बाबांनी आणि मामांनी, शेजाऱ्यांनी नव्हे. मला बांधू नये. आईने रडू नये, रडायचे तर दुसऱ्या खोलीत. जेवणात काही घालू नये. हे शेवटचे कलम त्याने दोनदा लिहिले आहे, आणि दुसऱ्यांदा लिहिताना पेन इतके दाबले आहे की अक्षर मागच्या पानावर उमटले. त्या कागदाप्रमाणे आजवर दोनदा किल्ली मागितली. पहिल्या वेळी त्याने ती माझ्या अंगावर फेकली, दुसऱ्या वेळी हातात दिली. दोन्ही वेळा दिली. गेल्या तेरा वर्षांत मी कुलपे लावून जे मिळवू शकलो नाही ते या एका पानाने मिळाले, आणि ते मी लिहिलेले नाही.

गुरुजींना माझा एक प्रश्न आहे: गोळी नाकारणे म्हणजे मूर्खपणा, हे कोणी ठरवले? अमेरिकेतल्या के रेडफिल्ड जेमिसन या स्वतः या रोगाच्या तज्ज्ञ, विद्यापीठात तो शिकवणाऱ्या. त्यांना स्वतःलाच हा आजार. आपल्या आजाराची कहाणी त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सांगितली, आणि त्यात सारे कळत असूनही आपण वर्षानुवर्षे लिथियमशी कसे झगडलो हे लपवले नाही. उन्मादाच्या चढत्या पायऱ्यांवर जो उजेड दिसतो तो गोळीने विझतो, आणि ज्याने तो पाहिला त्याला त्याची ओढ राहते. माझा मुलगा एकदा म्हणाला होता, "बाबा, तुम्हाला वाटतं गोळीनं मव्हा आजार जातो. मव्हं शीतगृहबी जातं." त्या शीतगृहाबद्दल शोक करण्याची मुभा त्याला कोणीतरी दिली पाहिजे होती. आम्ही त्याला औषधाचे फायदे सांगत बसलो. पुढे डॉक्टरांनी त्याच्याशी मात्रेविषयी वाटाघाट केली, हाताची थरथर आणि रात्रीची तहान यांची दखल घेतली, तेव्हा कुठे ती गोळी त्याची झाली.

मायेच्या अतिरेकाविषयीही थोडे. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा, आईबापांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक वेळा उलटल्याचे दिसले. पुढे दोषारोप, वैरभाव आणि अतिकाळजी ही तिन्ही एका वर्गात मोजली जाऊ लागली. ते काम मुख्यतः दुसऱ्या मनोविकाराविषयी होते; डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी तोच धागा या आजारापर्यंत आणला. अतिकाळजी दोषारोपाच्या शेजारी बसलेली पाहून मला प्रथम राग आला. मग रोज रात्री साडेनऊला त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन "घेतली का?" असे विचारणारा माझा आवाज मी एकदा नीट ऐकला. तो आवाज शाळेत गृहपाठ तपासण्याचा होता.

लग्नाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर मला संयम राखता येत नाही. हिंदू विवाह कायदा या रोगाच्या नावाने लग्नाला बंदी करीत नाही. विकार किती आणि कशा स्वरूपाचा हे तो पाहतो. पण महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवलेला विवाह रद्द ठरवून मागता येतो. म्हणजे लपवून केलेले लग्न हे मुलाच्या डोक्यावर टांगलेला दगड. आणि जिथे मुलीचे लग्न लपवून होते तिथली गोष्ट याहून भयंकर. या आजारावरच्या औषधांत सोडियम व्हॅल्प्रोएट हे नेहमीचे. गर्भाच्या मज्जारज्जूला आणि मेंदूला ते अपाय करते. सासरी ज्या सुनेला गोळ्या लपवाव्या लागतात ती एकतर त्या तोडते आणि बाळंतपणात तिचा आजार उसळतो, नाहीतर घेत राहते आणि डॉक्टरला वेळेवर सांगत नाही. या दोन्ही वाटा आईबापांनी अब्रूसाठी बांधून दिलेल्या असतात. माझ्या मुलासाठी आलेल्या तीन स्थळांना त्याने स्वतः, पहिल्याच भेटीत, खिशातली चिठ्ठी दाखवली. तिघांनी नकार दिला. गुरुजी म्हणाले, पाहा. मी पाहिले, तिसऱ्या मुलीच्या वडिलांनी निघताना त्याला बाजूला घेऊन विचारले की त्यांच्या पुतण्याला असेच काहीसे होते, कोणत्या डॉक्टरकडे जावे. मुलाने त्यांना पत्ता दिला, आणि सकाळी निघायचे तर रक्त देण्याआधी गोळी घेऊ नये हेही सांगितले.

भीती माझी गेलेली नाही, हे गुरुजींना सांगणे माझे कर्तव्य आहे. तो रात्री अंगणात हसला तर मी जागा होतो. मिरचीला भाव चांगला मिळाला म्हणून तो उत्साहाने दुसऱ्या शेडनेटचे बोलू लागला, की मी त्याच्या आनंदाचे वजन करायला बसतो, ही माझी विकृती. बापाचा आजार म्हणून तिला एखादे नाव असावे. डायरीतल्या त्या पानाने मला एवढेच शिकवले की चार तासांची झोप ही खूण आहे आणि हसणे ही खूण नाही.

परवा गुरुजी पुन्हा आले. ओसरीवर टेकले, काठी भिंतीला लावली, चहा घेतला, पावसाचे बोलले, मोसंबीच्या गळीचे बोलले, आणि मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली करून मला म्हणाले, "पोरगं गोळ्या घेतंय ना वेळेवर?"

मी म्हणालो, "त्यालाच विचारा गुरुजी. शेडनेटमध्ये आहे, सहाला येतो."

त्यांनी घड्याळात पाहिले. साडेपाच झाले होते. ते उठले नाहीत.